हरकती, सूचना आणि एक बाक

माणसाला बसायला जागा लागते, या विषयाकडे थोरामोठ्यांनी म्हणावं तितकं लक्ष दिलेलं नाही. उभं राहण्यावर मात्र त्यांनी पुष्कळ सांगून ठेवलंय. स्वतःच्या पायावर उभं राहावं, अन्यायाविरुद्ध उभं राहावं, अडलेल्याच्या पाठीशी उभं राहावं. अंगात फारच खुमखुमी असली तर निवडणुकीलाही उभं राहावं. पण इतक्या ठिकाणी उभं राहून पाय दुखायला लागले की टेकायचं कुठं, याबद्दल सगळे गप्प! रांगेत तासभर ताटकळलेल्या माणसाला विचारा. तो स्वातंत्र्य, समता वगैरे नंतर मागतो, आधी स्टूल मागतो.

पुण्याच्या पेठांना हा प्रश्न कधी पडला नव्हता. वाड्याला दिंडी दरवाजा असे आणि दरवाजाच्या दोन्ही अंगांना रस्त्याकडे तोंड करून दगडी ओटा. ओटा मालकाचा, पण त्यावर बसणारे साऱ्या गावाचे. मंडईतून जड पिशवी घेऊन येणारी बाई तिथं टेकायची, टपाल वाटून दमलेला पोस्टमन टेकायचा, कल्हईवाला तर तिथंच भाता लावायचा. ओट्यावर बसायला अर्ज करावा लागत नसे. फार तर आतून कुणीतरी "कोण आहे?" असं खेकसे आणि बसलेल्यानं "मी आहे" असं म्हटलं की दोन्ही बाजूंचं समाधान होई.

मग १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. घरं पडली, माणसं विखुरली. पूरग्रस्तांसाठी लोकमान्यनगर, गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहती झाल्या आणि एकूणच शहराला नदीपासून लांब पसरायची सवय लागली. आमची गल्ली त्याच सवयीचं अपत्य. इथं आल्यावर लोकांना हवा मिळाली, उजेड मिळाला, स्वतंत्र संडास मिळाला आणि कंपाउंडची भिंत मिळाली. ओटा तेवढा पेठेत राहिला. तसं पाहिलं तर ओटाही दगडाचा आणि भिंतही दगडाची. फरक इतकाच, की भिंत उंच असते आणि तिच्यावर बाटल्यांच्या काचा लावलेल्या असतात.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

आमच्या शेजारच्या इमारतीत तळमजल्यावर एक आजी राहतात. नारायण पेठेतलं घर पुरात गेलं तेव्हा लग्न होऊन त्यांना दोन वर्षं झाली होती. म्हणजे २०१८ साली, ज्या वर्षाची ही हकिकत आहे त्या वर्षी, आजी ऐंशीच्या घरात होत्या. रोज सकाळी हातात पिशवी घेऊन गल्लीच्या टोकाला दवाखान्याशेजारी बसणाऱ्या भाजीवालीकडे जायचं, दोन जुड्या घ्यायला पाऊण तास लावायचा आणि येताना साऱ्या गल्लीची खबरबात घेऊन यायची, हा त्यांचा नेम. आमच्या घरी वर्तमानपत्र येतं ते निव्वळ परदेशच्या बातम्यांसाठी. गल्लीतलं वृत्त आजींकडून.

त्या वर्षी पावसाळ्याच्या सुमारास हे वृत्त बंद पडलं. सौ.नं चौकशी केली तर आजी म्हणाल्या, "गुडघे गं." म्हातारं माणूस गुडघे म्हणालं की तरुण माणूस मान हलवतं आणि विषय संपतो. आमच्या सौ.चा विषय इतक्या लवकर संपत नाही. तिनं खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं, की गुडघे आहेत तसेच आहेत. पण दोनशे पावलं झाली की दोन मिनिटं बसावं लागतं, आणि आमच्या गल्लीत दोनशे पावलांवरच काय, दोन हजार पावलांवरही बसायला काही नाही. पूर्वी एका दुकानाला पायरी होती, तीही शटर नवं बसवताना गेली. म्हणून आजी घरात बसल्या. बाहेर बसायला जागा नसली की माणूस घरात बसतं, हे इतकं सरळ आहे.

"आपण एक बाक मिळवू या," सौ. म्हणाली.

ती 'आपण' म्हणते तेव्हा तो कर्तरी प्रयोग असतो आणि कर्ता मी असतो.

योगायोगानं दिवसही बरे होते. पुणे महापालिकेनं २००६ सालापासून नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घ्यायची पद्धत सुरू केली आहे. आपल्या भागात कुठलं छोटं काम हवं ते एका फॉर्मवर लिहून क्षेत्रीय कार्यालयात द्यायचं. पसंत पडलं तर पुढल्या वर्षीच्या अंदाजपत्रकात त्याची तरतूद होते. आम्ही फॉर्म आणला त्या वर्षी एका कामाला पाच लाखांची मर्यादा होती. फॉर्म मराठीत होता, एवढंच नव्हे तर तो कळतही होता. मी तो भरून देऊन मोकळा होणार होतो. पण आमच्या गल्लीत सात सोसायट्या आहेत आणि सातांनाही न विचारता गल्लीत काही झालं तर सातही जणी रुसतात. तेव्हा मीटिंग बोलवायची ठरलं.

इथं एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते. शहराची आखणी करताना माणसांना विचारावं, ही कल्पना या देशात तशी नवी नाही. पॅट्रिक गेडीस नावाचे एक स्कॉटिश गृहस्थ १९१४ मध्ये हिंदुस्थानात आले. पुढं १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे ते पहिले प्राध्यापक झाले. गावाचा आराखडा करायला सांगितला की हे आधी कागद घेऊन बसत नसत; दिवसचे दिवस गल्लीबोळांतून पायी हिंडत. होळकरांच्या इंदुरात तर त्यांनी कमाल केली. प्लेगचे दिवस होते. यांनी एका दिवसापुरतं महाराजपद मागून घेतलं आणि जाहीर केलं, की यंदा दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या रस्त्यानं जाणार नाही. ज्या रस्त्यावरची घरं सर्वांत स्वच्छ आणि नीट दुरुस्त केलेली असतील त्या रस्त्यानं जाईल. सारं इंदूर झाडू घेऊन बाहेर पडलं! मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा भलामोठा उंदीर होता आणि स्वच्छ कपडे घालून, हार घालून सफाई कामगार चालले होते.

मी ही हकिकत मीटिंगच्या सुरुवातीला सांगितली. वातावरण तयार व्हावं, हा हेतू. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि मग बँकेतून निवृत्त झालेले एक काका म्हणाले, "या इंदूरवाल्यांचा आपल्या मेन्टेनन्सशी काय संबंध?"

मीटिंगा आमच्याकडे गच्चीवर होतात. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एक जाजम आणि चहा. उपस्थितीचं प्रमाण चहाबरोबर काय आहे यावर ठरतं. त्या दिवशी वडे होते, त्यामुळे कोरम झाला.

पहिला ठराव मी मांडला. बाक असावा. याला कुणाचीच हरकत नव्हती. सातही सोसायट्यांनी एकमुखानं सांगितलं की बाक पाहिजेच, आणि त्याच दमात पुढचं वाक्य उच्चारलं, "फक्त आमच्या गेटसमोर नको."

पहिल्या सोसायटीचं म्हणणं, बाक आला की त्यावर संध्याकाळी जोडपी येऊन बसतील. दुसरीचं म्हणणं, जोडप्यांचं एक वेळ चालेल, पण रात्री पत्ते कुटणारे बसतील. हे म्हणणारे गृहस्थ गल्लीतले सर्वांत जुने पत्तेवाले आहेत, त्यामुळे धोका त्यांना आतून माहीत होता. तिसऱ्या सोसायटीला भीती कुत्र्यांची, चौथीला कुत्र्यांना बिस्किटं घालणाऱ्यांची. पाचवीच्या अध्यक्षांनी सांगितलं, की बाक आला की शेजारी वडापावची गाडी येते, गाडी आली की कागद येतात, कागद आले की उंदीर येतात. म्हणजे फिरून प्लेगच. तेवढ्यापुरते तरी इंदूरवाले उपयोगी पडले.

खरी हरकत मात्र कुणीच बोलत नव्हतं. ती होती पार्किंगची. एका बाकाची जागा म्हणजे दोन स्कूटरांची जागा. आमच्या गल्लीत माणसं किती राहतात ते जनगणनेवाल्यांना माहीत. दुचाक्या किती राहतात ते मात्र प्रत्येकाला तोंडपाठ आहे.

त्या दोन तासांत आमचा बाक एका सोसायटीच्या फाटकापासून निघाला, दुसरीसमोर टेकला, तिथून तिसरीनं उठवला, चौथीनं दाराशी येऊ दिला नाही आणि पाचवीनं पुढं ढकलला. आजींना जितकं चालवत नव्हतं तितका आमचा बाक चालला. शेवटी सहाव्या आणि सातव्या सोसायट्यांनी मिळून त्याला गल्लीच्या टोकाला, विजेच्या डीपीशेजारी, कचऱ्याचे डबे ठेवतात तिथं नेऊन बसवला. तिथं कुणाची हरकत नव्हती.

आमच्यात एक निवृत्त ओव्हरसियर आहेत. साऱ्या आयुष्यात त्यांनी टेप आणि पेन्सिल सोडून दुसऱ्या कशावर विश्वास ठेवला नाही. इतका वेळ ते वडा खात होते. तो संपवून ते म्हणाले, "तिथं बाक बसेल. माणूस बसणार नाही."

मीटिंग तहकूब झाली.

माझे एक साडू घाटकोपरला असतात. त्यांना मी फोनवर हे रडगाणं ऐकवलं. तिथल्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी नव्वदीच्या दशकात कचरा वेगळा करण्यापासून सुरुवात केली आणि त्यातून 'प्रगत परिसर व्यवस्थापन' म्हणून एक चळवळच मुंबईभर झाली, त्यामुळे साडूंना अशा विषयांत बोलायचा अधिकार आपोआप प्राप्त झाला आहे. ते स्वतः राहतात जोशी लेनपासून चांगले लांब. ते म्हणाले, "तुम्ही पुणेकर हरकती फार घेता."

मला राग आला. हरकत ही काय ऐरीगैरी गोष्ट आहे? महात्मा फुले १८७६ पासून १८८२ पर्यंत पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या स्वागतावर खर्च करायचा प्रस्ताव आला तेव्हा एकट्या जोतीरावांनी त्याला विरोध केला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा म्हणाले. तेव्हा हरकतीला आमच्याकडे घराणं आहे. कायद्यानंही तिचा मान राखलाय. १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे शहराचा विकास आराखडा पक्का होण्याआधी लोकांपुढं ठेवावा लागतो आणि त्यावर 'हरकती व सूचना' मागवाव्या लागतात. शब्दांचा क्रम पाहा: आधी हरकती, मागून सूचना. हे लिहिणारानं कुठल्या तरी सोसायटीची मीटिंग पाहिली असली पाहिजे. २०१३ साली पुण्याच्या जुन्या हद्दीचा आराखडा जाहीर झाला तेव्हा ऐंशी हजारांच्या वर हरकती-सूचना आल्या.

"आणि तुमच्या मुंबईचं काय?" मी साडूंना विचारलं. "२०१५ च्या फेब्रुवारीत तुमचा आराखडा आला, त्यातल्या चुकांवर एवढा गिल्ला झाला की एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो पुन्हा करायला सांगितलं. नवा मंजूर व्हायला २०१८ चा मे उजाडला. लोकांनी हरकती घेतल्या नसत्या तर?"

"पण त्यांनी नकाशा तरी पाहिला होता," साडू म्हणाले. "तुम्ही आजींना विचारलंत का, कुठं बसायचंय ते?"

घाटकोपरच्या माणसाला शहाणपण असू शकतं, हे मान्य करायला पुण्याच्या माणसाला थोडा वेळ लागतो. मला रात्र लागली.

रविवारी सकाळी साडेसातला आजींना बोलावलं. त्यांना म्हटलं, "तुम्ही नेहमीसारख्या भाजीला निघा. जिथं बसावंसं वाटेल तिथं थांबा. बाकी आमच्याकडे लक्ष देऊ नका." आजी नऊवारी नेसून, पिशवी घेऊन निघाल्या. त्यांच्यामागं टेप घेऊन ओव्हरसियर, इतिवृत्ताची वही घेऊन चिटणीस, पाण्याची बाटली घेऊन सौ., खडू घेऊन मी आणि उगीच म्हणून बारा-पंधरा मंडळी. लांबून पाहणाराला ही पालखीच वाटली असेल. एक बाई फाटकाशी येऊन खरोखरच विचारून गेल्या, "कुठल्या देवीची हो?"

सत्तर मीटरवर आजी थांबल्या. नवं शटर. "इथं पायरी होती," एवढंच म्हणून त्या पुढं निघाल्या. मी खडूनं फुली मारली.

दीडशे मीटरवर इस्त्रीवाल्याची गाडी आहे. आजी तिथं पोचायच्या आत इस्त्रीवाल्यानं इस्त्री बाजूला ठेवली, गाडीखालून एक पत्र्याचा डबा ओढून काढला, त्यावर घडी केलेलं पोतं टाकलं आणि न बोलता पुढं सरकवला. आजीही न बोलता बसल्या. दोघांच्याही हालचालीत इतकी सवय होती की आम्ही पंधरा जण एकमेकांच्या तोंडाकडे पाहायला लागलो. आजी इतके दिवस इथपर्यंत तरी येत होत्या त्या या डब्याच्या जिवावर! आमच्या गल्लीत सार्वजनिक बाक होता. तो एका खासगी इसमानं, स्वखर्चानं, कसलीही तरतूद नसताना चालवला होता.

"बाकाचं चाललंय का साहेब?" त्यानं विचारलं. "मग सोनमोहराखाली करा. चारपर्यंत सावली असते. त्या समोरच्या भिंतीला दोननंतर ऊन येतं. डीपीपाशी तर नकोच, तिथं डबे उपसायला गाडी येते."

ओव्हरसियर त्याच्याकडे टक लावून पाहत होते. गेली सतरा वर्षं हा माणूस सकाळी आठपासून रात्री आठपर्यंत त्या गल्लीत उभा आहे. कुठल्या फूटपाथवर किती वाजता ऊन येतं, कोण कुठं धापा टाकतं, शाळेची रिक्षा कुठं वळते, सारं त्याला ठाऊक. पण तो कुठल्याच सोसायटीचा सभासद नाही, तेव्हा त्याला मीटिंगची नोटीस जाणार कशी? नोटीस बोर्डावर लागते आणि बोर्ड काचांच्या भिंतीच्या आत असतो.

आजी उठल्या. सोनमोहर तिथून आणखी सत्तर पावलांवर, कोपऱ्यावरच्या बंगल्यासमोर आहे. फुलला की फूटपाथ हळदीचा होतो. झाडाखाली बंगलेवाल्या काकांची जुनी चेतक स्कूटर उभी असते. नंबर लागायला वर्षानुवर्षं वाट पाहावी लागायची त्या काळात घेतलेली. आता ती चालत नाही. पण काकांनी तिला कधी भंगारात काढली नाही. वर कव्हर घालून, खाली विटा लावून देवासारखी ठेवली आहे. मीटिंगमध्ये आवाज सर्वांत मोठा काकांचा होता. वडापावपासून प्लेगपर्यंतची साखळी त्यांचीच.

आजी नेमक्या तिथं थांबल्या. स्कूटरच्या सीटवर हात टेकला आणि डोळे मिटून उभ्या राहिल्या.

काका फाटकात उभे होतेच. हातात वर्तमानपत्र, चेहऱ्यावर हरकत. आजींनी डोळे उघडले, त्यांना पाहिलं आणि म्हणाल्या, "अरे, किती दिवस तुला सांगीन म्हणतेय. तुझी ही गाडी आहे म्हणून हात टेकायला होतो हो. नाहीतर मागंच पडले असते मी. हलवू नकोस बाबा कधी."

काका काहीच बोलले नाहीत. वर्तमानपत्राची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. मग आत गेले. आम्हांला वाटलं, दार लावून घेणार. ते खुर्ची घेऊन बाहेर आले. जेवणाच्या टेबलाची, चांगली सागवानी. ती त्यांनी सोनमोहराखाली ठेवली, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि म्हणाले, "बसा."

त्या खुर्चीच्या चार पायांभोवती मी खडूनं चौकोन काढला.

"लिहून घ्या," काका चिटणिसांना म्हणाले. "मूळ हरकत कायम ठेवून विशेष बाब म्हणून संमती."

जागेचा प्रश्न सुटला तसा पैशाचा सुरू झाला. बाक काही हजारांचा आणि मर्यादा पाच लाखांची. म्हणजे उरलेले पैसे वाया जाणार, या कल्पनेनं सातही सोसायट्यांना झोप येईना. काहीच मागायचं नव्हतं तोवर आम्ही सुखी होतो. आता बाकाशेजारी कारंजं असावं, कारंज्यावर दिवे असावेत, झाडाला पार बांधावा, पारावर एखाद्या थोर पुरुषाचा अर्धपुतळा असावा अशा सूचना यायला लागल्या. कुठला थोर पुरुष, यावर सात सोसायट्यांत नऊ मतं पडली. तरुण मंडळींनी तर सेल्फी पॉइंट मागितला. 'आय लव्ह' आणि पुढं गल्लीचं नाव. ओव्हरसियर म्हणाले, "बाकावर माणूस बसला की लव्ह आपोआप होतं. अक्षरं कशाला?" त्यांच्या तोंडून हा शब्द ऐकून सभा एवढी हादरली की ठराव मूळ स्वरूपात मंजूर झाला.

क्षेत्रीय कार्यालयातल्या कारकुनानं फॉर्म वाचला. तरुण मुलगा होता. "नुसता बाक?" त्यानं विचारलं. मग माझ्याकडे नीट पाहून म्हणाला, "जागेचा नकाशा जोडलाय, हे बरं केलंत. पण फूटपाथची रुंदी लिहा काका. बाक ठेवून चालायला वाट उरली पाहिजे ना?"

मी ओव्हरसियरांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर चाळीस वर्षांच्या नोकरीचं सार्थक झाल्याचा भाव होता. "१.८ मीटर मोकळी सोडलीय," ते म्हणाले. "इंडियन रोड्स काँग्रेसचं मानक आहे. बाक आतल्या अंगाला घेतला की व्यवस्थित उरते." त्या दोघांची अशी काही गट्टी जमली की मी बाहेर येऊन चहा प्यालो तरी आत रुंदीवर बोलणं चालूच होतं.

पुढल्या आर्थिक वर्षात बाक आला. एके सकाळी टेम्पो थांबला आणि दोन माणसांनी बाक उतरवला. सिमेंट कालवलं, खड्डे घेतले आणि बाक भिंतीकडे तोंड करून ठेवला. सातही सोसायट्यांचे सभासद त्या वेळी कामावर, आंघोळीला किंवा देवपूजेला गेलेले. इस्त्रीवाला धावत गेला. "अहो, काचा बघत बसायचंय का माणसांनी? फिरवा, फिरवा, रस्त्याकडे करा!" त्यांनी फिरवला. म्हणजे आमच्या गल्लीच्या नियोजनातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय नोटीस न गेलेल्या माणसानं, इस्त्री तापत ठेवून, अर्ध्या मिनिटात घेतला.

आता बाकाला पाठ आहे म्हटल्यावर पाठीवर नाव आलं. पुण्यात कुठल्याही वस्तूला 'संकल्पना' लागते. कमानीवर, बसथांब्यावर, मुतारीवरसुद्धा कुणाच्या तरी संकल्पनेतून ती साकारल्याची पाटी असते. आमच्या बाकाची संकल्पना कुणाची? सौ.ची, कारण 'आपण' ती म्हणाली. साडूंची, कारण प्रश्न त्यांनी विचारला. ओव्हरसियरांची, इस्त्रीवाल्याची, चिटणिसांची. बंगलेवाले काका म्हणाले, "जागा माझ्या स्कूटरनं सत्तावीस वर्षं धरून ठेवली होती. नाहीतर तिथं केव्हाच कुणाची तरी मोटार आली असती." यातलं काहीच खोटं नव्हतं. दोन मीटिंगा झाल्या, नावं वाढत वाढत अकरा झाली. अकरा नावं लिहिली तर टेकणाराच्या पाठीला अक्षरं टोचतील, असा निष्कर्ष निघून पाटीचा विषय बारगळला. लोक त्याला 'आजींचा बाक' म्हणतात. तसं कुठं लिहिलेलं नाही.

स्कूटर काकांनी आत पोर्चमध्ये घेतली. ज्या दिवशी घेतली त्या दिवशी संध्याकाळी ते स्वतः बाकावर येऊन बसले, आणि इतकी वर्षं रस्त्यातनं नुसती ओळखीची मान हलवणाऱ्या तिसऱ्या सोसायटीतल्या गृहस्थांशी तासभर बोलले. भाकितं बहुतेक खरी ठरली. संध्याकाळी एखादं जोडपं येऊन बसतं. दोघं आपापल्या मोबाइलमध्ये पाहत असतात, तेव्हा नीतीला फारसा धोका नाही. रात्री पत्ते चालतात. एक कुत्रं खाली झोपतं. दुपारी धुण्याभांड्याच्या बाया दोन कामांच्या मधला अर्धा तास तिथं डबा खातात; पूर्वी जिन्यात बसायच्या. घरपोच सामान देणारी पोरं हेल्मेट काढून पाणी पितात. एकाच बाकाची एवढी गिऱ्हाइकं गल्लीत होती, हे सात सोसायट्यांपैकी एकीच्याही दप्तरात नव्हतं. वडापावची गाडी आली नाही. काहींची थोडी निराशा झाली.

आणि रोज सकाळी आठच्या सुमारास आजी येतात. आधी इस्त्रीवाल्याचा डबा, मग बाक, मग भाजीवाली. येताना पुन्हा बाक. आमच्याकडचं स्थानिक वृत्त पूर्ववत सुरू झालं.

पुढच्या वर्षी फॉर्मचे दिवस आले. मीटिंग त्या खेपेला गच्चीवर न घेता बाकापाशी घेतली, कारण आजींना जिना चढवत नाही आणि इस्त्रीवाल्याला गाडी सोडता येत नाही. मी गेल्या वर्षीचं इतिवृत्त वाचून दाखवलं आणि समाधानानं विचारलं, "कुणाची काही हरकत?"

आजींनी हात वर केला. ऐंशी वर्षांच्या आयुष्यात मीटिंगमध्ये हात वर करायची त्यांची ही पहिलीच वेळ असावी, कारण त्यांनी तो शाळेतल्या मुलीसारखा अगदी सरळ, पार वर केला होता.

"बाक छान आहे हो. बसायला होतं," त्या म्हणाल्या. "पण उठायचं कसं? कडेला हात नाहीत त्याला. बसले की कुणीतरी येईपर्यंत उठता येत नाही मला. परवा तर ती सामान देणारी पोरं आली तेव्हा उठले. हात लावून घ्या त्याला, दोन्हीकडून."

क्षणभर सगळे गप्प झाले. ओव्हरसियरांनी खिशातून टेप काढला आणि आजींच्या कोपरापासून बाकापर्यंतचं अंतर मोजायला घेतलं. इस्त्रीवाला लांबूनच ओरडला, "आणि पुढचा बाक दवाखान्याच्या दाराशी मागा. रांग तिथं असते!"

चिटणिसांनी वही उघडली, नव्या पानावर तारीख घातली आणि दोन रकाने आखले. हरकत, एक. सूचना, दोन. मग त्यांनी पेन थांबवून विचारलं, "दवाखान्याशेजारी गेट कुणाचं आहे?"